तीन नंबरची बरणी

“घे वास,” बापूसाहेब म्हणाले.

महेबूबभाई जागचे हलले नाहीत. हात मागे बांधून ते कपाटाशी उभे होते. आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते तीस वर्षं परिचर होते, आणि तीस वर्षं असेच उभे राहायचे. काही मागितलं की पुढे यायचं, काम झालं की मागे सरायचं. त्या दिवशी मात्र त्यांना पुढे येता येत नव्हतं.

“अरे, घे की. तूच लावलंयस ना हे सगळं? मग तूच सांग, ह्याच्यात काय हाय ते.”

“उसाचा रस हाय, साहेब. सिरका व्हायचाय त्याचा.”

“सिरका असा वास मारतो व्हय?”

“अजून व्हायचाय, साहेब.”

“मग घे वास आन् सांग.”

“मी न्हाई घेत. बाई घेतील.”

बापूसाहेब हसले. संस्थेचे अध्यक्ष हसले की आजूबाजूच्यांना हसावंच लागतं. त्यांच्याबरोबर आलेले मुकुल सर हसले, कागद घेऊन आलेला कारकून हसला. “बघा,” बापूसाहेब म्हणाले, “बनवायला चालतं, वास घ्यायला चालत न्हाई.”

मी तिथेच होते. टेबलाच्या अलीकडे, हातात खडू. मी हसले नाही, एवढं स्वतःबद्दल सांगू शकते, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

ही दोन हजार अठराच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मुकुल सर म्हणजे लातुरात केमिस्ट्रीचं मोठं नाव. चौकाचौकांत त्यांचे हाताची घडी घातलेले फोटो. त्यांच्या क्लासची पोरं आमच्या कॉलेजच्या पटावर असतात. नाव आमच्याकडे, पोरगं त्यांच्याकडे. आता त्यांना अभ्यासिकेला जागा हवी होती आणि आमची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यातली, दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेली. ते दोघं टेप घेऊन खोली मोजायला आले होते. मागच्या टेबलावरून टेप ओढताना ती एका बरणीच्या रबरी नळीत अडकली, झाकणाला लावलेली कणीक तडकली, नळी सुटली आणि वास खोलीभर पसरला. लगेच बापूसाहेबांना संस्कृती आठवली.

खोली रिकामी करून घ्यायला त्यांना कारण हवंच होतं. ते टेपला अडकून आपोआप हातात आलं.

त्या बरण्या तिथे का होत्या, हे समजायला भूकंपापर्यंत मागे जावं लागेल. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर शहर तसं वाचलं, पण कित्येक दिवस छताखाली जायला कुणी तयार नव्हतं. आम्ही सगळे शिक्षक कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे होतो. प्रयोगशाळेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. आत कपाटं पालथी, काचेचा चुरा, फॉर्मॅलिनमधले बेडूक आणि साप फरशीवर. तेव्हा तिशीतले असलेले हेच बापूसाहेब रस्त्यावरून सूचना देत होते, “मायक्रोस्कोप आधी काढ रे, ते महाग हायत.”

सूचना कुणाला, तर महेबूबभाईंना. दुसरं कोण जाणार होतं? त्यांनी घरून बायकोची, बानोची, गोधडी आणली आणि एकेक मायक्रोस्कोप तीत गुंडाळून अकरा वेळा आत-बाहेर केलं. मध्येच जमीन पुन्हा हलली तेव्हा आम्ही सगळे किंचाळलो. ते आतच होते. बाहेर आले ते सातवा मायक्रोस्कोप छातीशी धरून. बानो फाटकाशी उभी होती. तिनं गोधडीचं फाटलेलं टोक गाठ मारून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

त्या वर्षी आमची प्रात्यक्षिकं पत्र्याच्या शेडमध्ये झाली. काचेचं एकही पात्र शाबूत नव्हतं. किण्वनाचा प्रयोग कशात लावायचा, म्हणून मी डोक्याला हात लावून बसले होते. महेबूबभाई म्हणाले, “बाई, बरण्या चालतील का?”

नांदेडला त्यांच्या वडिलांचा सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, धंदा होता. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या एका बोळात अंधारी खोली आणि तिच्यात ओळीनं चिनी मातीच्या बरण्या. त्यातल्या तीन ते एसटीनं लातूरला घेऊन आले. दोन पायांमध्ये आणि एक मांडीवर.

आणि मग त्यांनी मला शिकवलं. मी एमएस्सी, विद्यापीठात दुसरी, आणि ते आठवी पास. पण किण्वन मला त्यांनीच शिकवलं, हे मी स्टाफरूममध्ये कधी बोलले नाही.

एकाच उसाचा रस तिन्ही बरण्यांत भरायचा. पहिली उघडीच ठेवायची. आठवड्याभरात तिच्यावर पांढरी बुरशी धरते, रस नासतो, फेकून द्यावा लागतो. दुसरी आणि तिसरी गळ्यापर्यंत भरायची. “रिकामी जागा ठेवली की तिथं हवा बसती, बाई,” ते म्हणायचे. झाकण कणकेनं लिंपायचं. झाकणातून रबरी नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं, म्हणजे आतला वायू बुडबुडत बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. तीन आठवडे असं ठेवायचं. मग दुसरी तशीच बंद राहते. तिसरीचं झाकण काढून तोंडाला मलमल बांधायची आणि पुढचे चाळीस दिवस तिला हवी तेवढी हवा द्यायची. चाळीस दिवसांनी सिरका. तो बाटल्यांत भरतानाही नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवायचं, धार वरून पाडायची नाही, कारण पडत्या धारेत हवा शिरते. बाटली बुचापर्यंत भरायची. आता पुन्हा हवा नको. लागली तर सिरक्यातला जोर जातो आणि नुसतं आंबूस पाणी उरतं.

पोरांना मी हे दोन वर्षं फळ्यावर शिकवूनही कळलं नव्हतं. तीन बरण्यांचा वास घेतल्यावर एका तासात कळलं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच वर्षी कळली. दुसरी बरणी उघडायची वेळ आली की महेबूबभाई व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “आमच्या घरात लिंपलेली बरणी मधीच कुणी उघडत न्हाई. मधी काय असतं ते कुणी इचारत बी न्हाई. अब्बा म्हणायचे, पुरं झाल्यावर जे निघतं तेवढंच आपलं. दोन नंबरची तुमची, बाई.” तेव्हापासून दोन नंबरची बरणी उघडायची, पोरांना वास द्यायचा आणि नंतर ती मोरीत ओतायची, हे काम माझं. तीन नंबरची त्यांची; तिचं फक्त झाकण मी काढायचे, मलमल बांधण्यापासून पुढचं सगळं ते करायचे. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावरही पोरं यायची, सिरका बोटावर घेऊन चाखायची, तोंडं वेडीवाकडी करायची. उरलेला ते घरी न्यायचे.

आता कुणी येत नाही. वार्षिक प्रात्यक्षिकाला पोरं एक दिवस उगवतात. विकतची लिहिलेली वही पुढे करतात, मी सही करते, तीसपैकी एकोणतीस देते. हो, मीच देते. कुणी माझा हात धरून लिहून घेत नाही. पण त्या जानेवारीत मला काय झालं कोण जाणे, मी मागणीवहीत लिहिलं: प्रयोग क्रमांक नऊ, उसाचा रस, अठरा लिटर. खाली तारीख, खाली माझी सही. महेबूबभाईंना म्हटलं, “तुमचं हे शेवटचं वर्ष. दहा पोरं आली तरी चालतील, पण या वेळी दाखवूच.” त्यांनी बरण्या दोनदा घासल्या होत्या.

ती मागणीवही त्या दिवशी माझ्या पाठीमागच्या कपाटात, वरच्या कप्प्यात होती. हात लांब केला असता तर मिळाली असती.

“बाई, तुम्ही एमएस्सी,” बापूसाहेब माझ्याकडे वळले. “तुम्हीच सांगा. ह्या बरणीत अल्कोहोल हाय का न्हाई?”

सव्वीस वर्षं मी पोरांना एकच सांगत आले. विचारलं तेवढंच लिहा. जास्त लिहून गुण मिळत नाहीत. प्रश्न नीट वाचा, नेमकं उत्तर द्या. तर प्रश्न आला आणि माझ्या तोंडातून नेमकं उत्तर गेलं.

“आज आहे,” मी म्हणाले. “पण ते...”

“हाय म्हणाल्या. लिही रे,” बापूसाहेब कारकुनाला म्हणाले.

“साहेब, पूर्ण ऐकून तर घ्या. तीन नंबरला परवा हवा द्यायची आहे. हवा लागली की त्याचं ॲसिड होतं, सिरका होतो. सर, तुम्ही सांगा ना, तुमचाच विषय आहे.”

मुकुल सर टेप गुंडाळत होते. “थिअरी करेक्ट आहे, मॅडम,” ते म्हणाले. “पण आत्ता बरणीत जे आहे ते आहे.”

मला त्या माणसाच्या तोंडावर खडू फेकून मारावासा वाटला. त्याला सगळं माहीत होतं. झोपेत विचारलं असतं तरी समीकरण सांगितलं असतं त्यानं. अज्ञानी माणसाचा राग येत नाही हो, माहीत असून टेप गुंडाळणाऱ्याचा येतो. आणि तोच राग मला स्वतःचाही यायला हवा होता, पण त्या क्षणी नाही आला. तो नंतर आला आणि अजून गेलेला नाही.

महेबूबभाई पहिल्यांदाच दोन पावलं पुढे आले. “साहेब, चाळीस दिस द्या. बरणी तुमच्या ऑफिसात ठिवा, कुलपात ठिवा. चाळीस दिसानं तुमच्याच हातानं चाखा. सिरका न्हाई निघाला तर पोलिसात द्या मला.”

“चाळीस दिवसांनी इथं माझी क्रॅश कोर्सची बॅच बसलेली असेल,” मुकुल सर म्हणाले.

“आन् पोलिसात आत्ता बी देता येतं,” बापूसाहेब म्हणाले. “कालेजात दारू पाडतो, वर मला चाखाया लावतो?”

“दारू न्हाई, साहेब.” त्यांचा आवाज चढला नाही. “पाच वक्ताचा नमाजी माणूस हाय मी.”

“मग घे की वास!”

हे त्यांना तीन वेळा म्हटलं गेलं, माझ्यासमोर. तिसऱ्या वेळी बापूसाहेबांनी त्यांची मान धरून खाली दाबली नाही, एवढंच बाकी ठेवलं. महेबूबभाईंनी डोळे मिटून घेतले आणि नाक बरणीपासून वीतभर लांब ठेवून उभे राहिले. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की साहेब, बरण्या मी लावायला सांगितल्या, वहीत माझी सही आहे. हे वाक्य जिभेवर आलंही होतं. पण माझी मुग्धा मुकुल सरांच्या स्टार बॅचमध्ये होती. चाळीस मुलांची बॅच, आणि मे महिन्यात मेडिकलची प्रवेश परीक्षा. त्या बॅचमधून एखादी मुलगी काढून मागच्या बाकावर बसवायला काही कारण लागत नाही. मी ते वाक्य गिळलं.

कारकुनानं कागद पुढे केला. ‘प्रयोगशाळेत मादक द्रवाच्या तीन बरण्या आढळल्या. त्यांत अल्कोहोल असल्याचे विषयशिक्षिकेने मान्य केले.’ पहिल्या बरणीत नुसती बुरशी होती, तरी तीन लिहिलं होतं. माझ्या वाक्यातला ‘आज’ कुठेच नव्हता. मी दोन्ही पाहिलं आणि सही केली.

“ओता,” बापूसाहेब म्हणाले.

दोन नंबरची मी ओतली. ती ओतायची सवय होती. मग मी तीन नंबरच्या बरणीकडे पाहिलं आणि महेबूबभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, “तुमीच ओता, बाई. पुरी न्हाई झाली ती.” मीच ओतली. बरण्याही मीच धुतल्या, पहिल्यांदाच, आणि मला त्या नीट धुताही आल्या नाहीत. ते व्हरांड्यात उभे होते.

त्या संध्याकाळी मुग्धा क्लासमधून आली आणि जेवायच्या ताटावरच नोट्स उघडून बसली. मी तिला विचारलं, “इथेनॉलला हवा मिळाली तर काय होतं?”

“ॲसिटिक ॲसिड. ॲसिटोबॅक्टरमुळे,” ती घास चावत म्हणाली. “आई, रिपीटेड क्वेश्चन आहे. दर वर्षी येतो.”

“त्याचा वास कसा असतो?”

“कशाचा?”

“होत असताना. अर्ध्यावर.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वेडीबिडी झाले की काय. “वासावर प्रश्न येत नाही, आई.”

मी तिच्यापुढची वही उचलून फेकली. सतरा वर्षांत पोरीवर हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला. ती रडली नाही, घाबरून नुसती बघत राहिली. तिचा काय दोष होता? कुणी तिला बरणीजवळ नेलं होतं? मी तिची आई, तिच्याच कॉलेजात जीवशास्त्राची शिक्षिका, आणि मीही नेलं नव्हतं. वहीची पानं मी एकेक करून परत लावून दिली आणि तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “आई, तू टेन्शन घेऊ नको, मला येतं ते.”

दुसऱ्या दिवशी महेबूबभाईंकडून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून घेतला गेला. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. अर्ज दिला नाही तर पोलीस, असं सांगितलं गेलं. कागद कॉलेजनं टाइप करून तयार ठेवला होता, त्यांना फक्त सही करायची होती. निरोप समारंभ झाला नाही. तीस वर्षांच्या नोकरीवरून ते डबा आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन खाली आले, जुडगा ऑफिसच्या टेबलावर ठेवला आणि प्रत्येक किल्ली कुठली ते कारकुनाला सांगत बसले. कारकून मोबाइल बघत होता. मी जिन्यात उभी होते. मला पाहून ते थांबले.

“महेबूबभाई, मी...”

“बरोबरच बोलल्या तुमी, बाई,” ते म्हणाले. “आज व्हतीच की.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला त्यांचा सुद्धा राग आला. एवढं समजूतदार असू नये माणसानं. शिव्या द्याव्यात, दोन माणसं गोळा करावीत, माझ्या दारात येऊन तमाशा करावा. ते काहीच न करता सायकलला डबा अडकवून गेले.

आठवड्यानं एका स्थानिक पेपरात चौकट आली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दारू, कर्मचारी महेबूब घरी. त्यांचं नाव छापलं होतं. माझं नव्हतं, मी ‘एका शिक्षिकेने दुजोरा दिला’ एवढ्यात मावले होते. स्टाफरूममध्ये तो पेपर हातोहात फिरला. भूकंपात त्यांनी काढलेल्या मायक्रोस्कोपांवर ज्यांनी पीएचड्या केल्या ते म्हणाले, “दिसतं तसं नसतं बुवा.” मी चहा पीत राहिले. प्रयोगशाळेत पार्टिशनं ठोकायला सुतार आले. कपाटं भंगारात गेली, मागणीवहीही त्यातच गेली.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, आणि दारू पाडतो म्हणून पेपरात नाव. मोहल्ल्यात त्याला कोण उभं करणार? मशिदीत शेजारी कोण उभं राहणार? त्याच्या मुलीच्या सासरचे काय म्हणत असतील? आपण एका माणसाला त्याच्याच लोकांतून उठवलं, असं माझ्या मनानं घेतलं आणि ते जाईना. बरेच दिवस मी वाक्य जुळवत राहिले. शेवटी मार्चमधल्या एका शुक्रवारी अर्धी रजा टाकली, रिक्षा केली आणि गंजगोलाईच्या पलीकडे त्यांच्या मोहल्ल्यात गेले.

मशीद छोटीच होती. मी रस्त्याच्या अलीकडे, कलिंगडाच्या गाड्याशी उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. जुम्याची नमाज सुटली, माणसं बाहेर यायला लागली. एकटी बाई, साडी नेसलेली, हातात पर्स; माणसं बघून नजर खाली घेत पुढे जात होती. मला पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात महेबूबभाई आले. अंगात परिचराचा खाकी शर्ट नव्हता, पांढरा इस्त्रीचा कुर्ता होता. मी त्यांना सव्वीस वर्षांत पांढऱ्या कपड्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्या खांद्यावर हात टाकून एक म्हातारे चालले होते, आणि मागे-पुढे चार माणसं बोलत होती.

“बाई? हितं? उन्हात?”

त्यांनी समोरच्या दुकानातून स्टूल आणलं, ते रुमालानं पुसलं, मला बसवलं. कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. मग म्हाताऱ्यांना म्हणाले, “कलीमचाचा, ये हमारी बाई है. कालेज की. छब्बीस साल साथ में काम किये.”

सोबतची माणसं थांबली. मला वाटलं, हीच वेळ आहे. या वेळी उलट्या टोकाकडून, म्हणजे सिरक्यापासून सुरुवात करायची, हे मी ठरवूनच आले होते.

“तो सिरका होता,” मी उभी राहून म्हणाले. “महेबूबभाई दारू करत नव्हते. पेपरात आलं ते खोटं आहे. बरण्या मी लावायला सांगितल्या होत्या. वेळेवर हवा दिली असती तर सिरकाच झाला असता. मी तेव्हा बोलले नाही, म्हणून आता सांगायला आले.”

कलीमचाचांनी महेबूबभाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आमाला म्हाईत हाय, बाई,” ते म्हणाले. “भूकंपाच्या सालापासून आमच्या दस्तरखानावर ह्याच्याच हातचा सिरका हाय. ह्याच्या बापाचा बी खाल्लाय मी, नांदेडात. पेपर आला तवा आमी हसलो.” ते खरंच गोंधळले होते. “हितं कुणाला सांगाया आल्या तुमी?”

मी इतके दिवस ज्या लोकांकडून त्यांचं नाव परत मागून आणणार होते, त्या लोकांनी ते कधी काढून घेतलंच नव्हतं. त्यांच्यावर अविश्वास कुणाचा होता, तर मी ज्यांच्यात रोज चहा पिते त्यांचा. आणि मोहल्ला म्हणजे असाच असणार, हे ठरवून टाकलं होतं ते मी.

“कालेजात सांगा की,” कलीमचाचा म्हणाले. “तिथं म्हाईत न्हाई कुणाला.”

“चाचा, बस करा,” महेबूबभाई म्हणाले. “बाई उन्हातून आल्यात. पाणी प्या, बाई.”

मी पाणी प्यायले. त्यांनी बानोला हाक मारायला माणूस पाठवू का विचारलं, मी नको म्हटलं. मुग्धाची परीक्षा कधी हाय, विचारलं. मे महिन्यात, मी म्हणाले. “हुशार हाय पोरगी, हुईल डॉक्टर,” ते म्हणाले. मग रस्त्यात जाऊन त्यांनी रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला दम भरला, “बाईंना नीट सोड, खड्ड्यातनं आपटू नको.” मी बसल्यावर ते दोन पावलं मागे सरले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

रिक्षा कोपऱ्यावर आली. उजवीकडे वळलं की पाच मिनिटांवर कॉलेज. शुक्रवारी दुपारी बापूसाहेब ऑफिसात असतात, सगळा स्टाफ असतो. मुकुल सरसुद्धा त्या वेळी वरच असतात, सुतारांच्या डोक्यावर.

“कुणीकडं घेऊ, बाई?” रिक्षावाल्यानं विचारलं.

मी त्याला घराचा पत्ता सांगितला. कुठली गल्ली, कुठलं वळण, फाटकाचा रंग, कुठे थांबायचं. सगळं नीट आणि पूर्ण सांगितलं.